जुन्या गाडीच्या फ्लोअरवरचं डांबर काढलं: माझा अनुभव

आवाज आणि थरथर कमी करायला गाडीच्या फ्लोअरवर कारखान्यातच लावलेलं डांबर एका सकाळीत निघालं. त्यावर नंतर कुणीतरी चिकटवलेली चंदेरी शीट काढायला मात्र मला तीन शनिवार-रविवार लागले. त्या शीटचा राग अजून डोक्यात आहे, म्हणून हे लिहायला बसलोय. शिवाय जे आता आपल्या गाडीची कार्पेट उचलणार आहेत, त्यांचे तरी तीन आठवडे वाचावेत.

सीट, कार्पेट, खालचा ज्यूटचा नमदा हे सगळं काढण्यात विशेष काही नाही. नमदा ओला होता, पिळला तर पाणी निघालं. तेव्हाच कळायला हवं होतं की खाली काहीतरी बिघडलंय.

एक गोष्ट अगदी आधी करा. जुन्या नमद्यात किंवा डांबराच्या थरात कधीकधी अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे बारीक खनिज तंतू, असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मी दोन्हींचे लहान तुकडे पाणी शिंपडून, ओले असतानाच कापले, पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत तपासायला दिले आणि अहवाल येईपर्यंत हात लावला नाही. तो आठवडा काढणं जड गेलं, पण अहवालात काही निघालं नाही आणि पुढचं काम निर्धास्तपणे करता आलं. ग्राइंडर किंवा वायर ब्रश लावायचा मोह मात्र अहवाल चांगला आला तरी टाळा. घर्षणाने डांबर वितळतं आणि पत्राभर फासलं जातं.

कारखान्यातलं डांबर ड्राय आइसने काढलं. गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे ७८.५ अंश. हा बर्फ वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो, त्यामुळे पत्रा ओला होत नाही. बर्फ कुटून सपाट भागावर पसरला, वर जुनी गोधडी टाकली आणि पंधरा मिनिटं थांबलो. डांबर पत्र्यापेक्षा जास्त आकसतं आणि त्या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं. हातोडीने हलकेच ठोकलं की आधी ठप्प आवाज येतो, मग एका ठोक्याला आवाज बदलतो आणि पत्रा खणकन वाजतो. तो खणखणाट आला की थर सुटला समजा. पुट्टीची पट्टी खाली घातली की तळहाताएवढे तुकडे उडून येतात आणि खाली मूळ रंग दिसतो, काही ठिकाणी तर नव्यासारखा. त्या सकाळी मला इतका आनंद झाला की जेवायचंही भान राहिलं नाही.

गिअरबॉक्सवरच्या उभ्या बाजूला बर्फ टिकत नाही. तिथे कापडी पिशवीत भरून फळीने टेकवून ठेवला. हातमोजे जाड हवेत, नुसत्या बोटांनी धरला तर कातडी जळते. चारही दारं उघडी ठेवा आणि काम मोकळ्यावर करा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, फ्लोअरच्या खोलगट भागात साचतो आणि आपण नेमकं तिथेच तोंड घालून बसलेलो असतो. उरलेला बर्फ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नका, डबा फुटेल.

मग ड्रायव्हरच्या पायाखालची शीट आली. वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, खाली रबर मिसळलेलं डांबर, छताची गळती बंद करायला लावतात तशी. तिच्यावरही भरपूर बर्फ टाकला. ठोकलं तर खणखणाट नाहीच, नुसतं धप्प. चिरा पडल्या, पण प्रत्येक तुकडा वरच्या चंदेरी पापुद्र्याला लटकून राहिला आणि खालचा पत्र्याला. बर्फ संपला तरी वीतभर जागासुद्धा मोकळी झाली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, घेतली. ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप फ्लोअरच्या खालून कुठून जातात ते आधी गाडीखाली झोपून पाहिलं आणि वर खडूने रेघा मारल्या. त्या रेघांजवळ हीट गन नेलीच नाही. चंदेरी पापुद्रा लगेच सुटला आणि खाली काळा, चकाकणारा चिखल राहिला. पट्टीने खरवडला की तार निघायची, च्युइंगमसारखी, हातभर लांब. ती मोज्यांना, बाहीला, सीटच्या नटांच्या आट्यांमध्ये, सगळीकडे चिकटली. रविवारी संध्याकाळी शुक्रवारपेक्षा जास्त पत्रा काळा होता. अक्षरशः रडायला आलं.

उपाय तिसऱ्या शनिवारी पहाटे सापडला, तोही योगायोगाने. रात्री अर्धवट गरम करून सोडलेली एक कड सकाळच्या गारठ्यात नुसती ओढली आणि ती सलग, स्वच्छ सुटत आली. गरम असताना ओढलं की डांबर मधोमध तुटतं आणि तार निघते. थोडं निवल्यावर ओढलं की ते स्वतःत घट्ट राहतं आणि पत्र्यापासून सुटतं. मग पद्धत बसली: सुरीने दोन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या, कड हाताला सोसेल इतपतच गरम करून उचलायची, मिनिटभर निवू द्यायची आणि झटक्याने ओढायची. पापुद्रा आधी काढू नका, ओढताना तोच धरायला उपयोगी पडतो. मी तो सगळा सोलून टाकला होता, म्हणून निम्म्या जागेत मला पट्टीनेच मरावं लागलं.

शीट निघाल्यावर खरा संताप आला. पायाच्या जागेत, सर्वांत खोल भागात, रबरी बूच बसवलेलं एक गोल भोक असतं. आत आलेलं पाणी तिथून सोडायचं. शीट त्या बुचावरूनच सरळ चिकटवलेली होती. समोरच्या काचेचं रबर वाळलेलं, तिथून झिरपलेलं पाणी शीट आणि पत्र्याच्या मधे बसून राहिलेलं. बुचाभोवती ताटलीएवढा गंज, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. आवाज कमी करायच्या नादात चांगलं फ्लोअर कुजवलं. तो पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागला.

राहिलेला काळा थर रॉकेलने गेला. चिंध्या भिजवून पसरल्या, वर प्लास्टिक टाकलं, अर्ध्या तासाने पुसलं. रॉकेल वापराल त्या दिवशी हीट गन बाहेरच काढू नका आणि बॅटरीची वायर सोडून ठेवा. चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा. रॉकेलचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुऊन मग थिनरने पुसला, नाहीतर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, धरत नाही. गंजाच्या ठिपक्यांवर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण, त्यावर एपॉक्सी प्रायमर.

हे आधीच सांगायला हवं होतं: पत्र्याच्या सांध्यांवर जो राखाडी पट्टा असतो तो डांबर नव्हे, तो सांधा बंद करणारा सीलर आहे. मी एका बाजूचा खरवडून टाकला आणि पुन्हा भरत बसलो. सुरुवातीलाच प्रत्येक बुचाचे आणि वायरिंगच्या क्लिपांचे फोटोही काढा.

नवीन शीट बुटाइल रबराची आणली, पण सगळीकडे लावली नाही. पत्रा बोटाने वाजवून जिथे मोकळा घुमतो तिथेच, मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर तुकडे लावले. थरथर तेवढ्यानेही थांबते. बुचांभोवती चार बोटं जागा मोकळी सोडली आणि काचेचं रबर आधी बदललं.

मागच्या सीटखाली त्याच चंदेरी शीटचा हात-दीड हात तुकडा अजून आहे. त्याचा पापुद्रा मी अजून सोललेला नाही. सकाळचा गारठा आहे तोवर तोही काढून घेतो.