साडेबारा इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रश्न

अणूच्या ऊर्जा पातळ्या शिकवायला घेतल्या की मी एक प्रश्न हमखास विचारतो. हायड्रोजनच्या थंड, सुट्या अणूंवर १२.५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, आला तर काय होईल? बहुतेक वेळा उत्तर येतं, "इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवर जाईल आणि उरलेली ऊर्जा फोटॉनकडे राहील." बेरीज-वजाबाकी तर जुळते. पण फोटॉनचा व्यवहार असा चालत नाही, आणि तो का चालत नाही हे उमगलं की अर्धा धडा सोपा होतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी आकडे, सगळे इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये. मूळ पातळी उणे १३.६, दुसरी उणे ३.४०, तिसरी उणे १.५१, चौथी उणे ०.८५. त्या उणे चिन्हाला मुलं बिचकतात. इलेक्ट्रॉन केंद्रकाशी बांधलेला आहे, एवढंच ते सांगतं. शून्याला पोचला की सुटला. या पातळ्यांना जिन्याच्या पायऱ्या म्हणतात ते मला पटत नाही, कारण पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात. इथे पहिल्याच उडीला १०.२ लागतात आणि पुढच्या सगळ्या मिळून ३.४ मध्ये आटोपतात.

आता फोटॉन. शोषला गेला तर तो अख्खा जातो, त्यातला थोडा भाग उरत नाही. तिसऱ्या पातळीसाठी १२.०९ चा चालेल, चौथीसाठी १२.७५ चा चालेल. १२.५ वर हायड्रोजनला पातळीच नाही, म्हणून तो फोटॉन शोषला जात नाही. १५ चा मात्र चालतो! इलेक्ट्रॉन अणूबाहेर पडतो आणि उरलेले १.४ त्याची गतिज ऊर्जा होते. सुटलेल्या इलेक्ट्रॉनवर पातळ्यांचं बंधन नसतं.

फोटॉनऐवजी १२.५ चा इलेक्ट्रॉन पाठवला तर गोष्टच बदलते. तो आदळतो, अणूला १०.२ देतो आणि साधारण २.३ घेऊन पुढे जातो, किंवा १२.०९ देऊन साधारण ०.४ घेऊन. फ्रँक आणि हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी १९१४ मध्ये पाऱ्याच्या वाफेत नेमकं हेच दाखवलं. इलेक्ट्रॉनची ऊर्जा ४.९ होईपर्यंत ते पाऱ्याच्या अणूंवरून जवळजवळ काही न गमावता उसळतात, ४.९ झाली की ती एकदम अणूला देऊन टाकतात आणि विद्युतप्रवाह घसरतो. वाफेतून जो अतिनील प्रकाश निघाला त्याची तरंगलांबी सुमारे २५४ नॅनोमीटर. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये घेऊन १२४० ला तिने भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. १२४० ला ४.९ ने भागून बघा, २५३ येतात. दोन पूर्ण वेगळ्या मापनांतून एकच आकडा निघतो, म्हणून हा प्रयोग मला फार प्रिय आहे. विशेष म्हणजे त्या दोघांनी आधी ४.९ ही पाऱ्याची आयनीभवन ऊर्जा, म्हणजे इलेक्ट्रॉन अणूतून सोडवायला लागणारी ऊर्जा, मानली होती. बोर या शास्त्रज्ञाच्या १९१३ च्या अणूविषयक सिद्धांताने तिचा खरा अर्थ लागला: ती अणूला वरच्या पातळीवर चढवणारी ऊर्जा.

तर १२.५ च्या इलेक्ट्रॉनांनी आपले हायड्रोजन अणू तिसऱ्या पातळीपर्यंत चढतात. उतरताना वर्णपटात तीन रेषा उमटतात: ६५६, १२१.६ आणि १०२.६ नॅनोमीटर. एकटा अणू एका उतरणीत जास्तीत जास्त दोनच फोटॉन सोडतो. तीन रेषा दिसतात त्या असंख्य अणू वेगवेगळ्या वाटांनी उतरतात म्हणून. डोळ्यांना दिसते ती ६५६ ची लाल, बाकीच्या दोन अतिनील. ४८६ ची निळसर हिरवी रेषा यात नसते. ती चौथ्या पातळीवरून येते, आणि तिच्यासाठी इलेक्ट्रॉनांना आणखी पाव इलेक्ट्रॉन व्होल्ट द्यावा लागतो.