उतारावर ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते

सपाटीला गाडी एकदम सरळ, पण लांब उतार लागला आणि ब्रेक दाबला की स्टेअरिंग डावीकडे ओढ घ्यायचं. ज्याला विचारावं तो म्हणतो अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या. अरे पण अलाइनमेंट गेलं असेल तर ब्रेक न मारताही गाडी एका बाजूला जाईल ना! ब्रेकवर पाय ठेवला तरच ओढते म्हणजे भानगड बहुतेक ब्रेकातच (टायरची हवा मात्र आधी बघा, कधीकधी तेवढंच असतं).

आणि गंमत म्हणजे डावीकडे ओढते म्हणून लोक डावं चाक खोलून बसतात. डावं बिचारं नीट धरत असतं, ढिला असतो उजवा ब्रेक. उतारावर वजन पुढे येतं, पाय बराच वेळ पेडलवर राहतो, म्हणून सपाटीला न जाणवणारा फरक इथे उघडा पडतो.

उतार संपल्यावर थांबून दोन्ही रिमजवळ हात नेऊन बघितला, लावायचा नाही हं, डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) चांगलीच भाजते. डावीकडून नुसती धग, उजवीकडे जेमतेम कोमट. तिथेच कळलं.

उजवं चाक काढलं तर आतला पॅड (डिस्कवर घासून ती थांबवणारा ठोकळा) पार झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा. हे दिसलं की स्लाइड पिन जाम समजायची, कारण पिस्टन एकाच बाजूने दाबतो आणि कॅलिपर (पॅड धरणारा चिमटा) पिनवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो, पिनच सरकत नसेल तर तो पॅड नुसता बघत बसतो. पिनचं रबरी बूट फाटलं होतं, पाणी जाऊन ग्रीसचा तपकिरी चिखल झालेला, पान्याने फिरवत फिरवत पिन बाहेर काढली. पिन आणि तिचं भोक साफ, नवीन बूट, सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस अजिबात नको, त्याने रबर फुगतं आणि पिन परत अडकते. पॅड दोन्ही चाकांचे बदलले, एकाच चाकाचे बदलले तर ओढ परत येऊ शकते.

पिन मोकळी असूनही चाक जड फिरत असेल तर ब्लीड निपल (कॅलिपरवरचा, ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा, चाक सुटलं तर बहुतेक होज (ब्रेक ऑइलचा रबरी पाइप) आतून चोंदलाय, नाही सुटलं तर पिस्टन बघा. निपल उघडलंच तर आत शिरलेली हवा काढा आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर बदलूनच टाका, डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवीन असताना किमान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी शोषलं की ती मर्यादा 155 पर्यंत उतरते, आणि लांब उतारावर ब्रेक तापतातच. नवीन पॅड आधी सपाटीला थोडे बसू द्या, मग उतारावर न्या, तेही खालच्या गिअरमध्ये.