फॉर्म बी आणि सहा आठवड्यांची पिल्लं

अल्झायमरवर पीएचडी करायची आहे म्हणून विचारायला येणाऱ्या मुलांना मी आधी एकच सांगते: बाकी सगळं नंतर, फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवर प्रयोग करण्याच्या परवानगीचा अर्ज, आजच भरायला घ्या. नेट-जेआरएफ, गाइड, विषय, माझं सगळं सुरळीत पार पडलं. अडकलं ते प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीत. आजही आठवलं की डोकं तापतं.

माझे उंदीर फाइव्ह-एक्स-एफएडी जातीचे. आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांत सापडलेले पाच जनुकीय बदल त्यांच्यात घातलेले असतात. तीन एपीपी जनुकातले, दोन प्रेसेनिलिन-१ मधले. माणसात ज्याला वर्षानुवर्षं लागतात ते अमायलॉइड प्रथिनाचे प्लाक, म्हणजे साचलेले गोळे, यांच्या मेंदूत दोन महिन्यांतच दिसू लागतात. मला बघायचं होतं ते त्याच्या आधीचं: मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी, मायक्रोग्लिया, प्लाक साचण्यापूर्वीच बदलतात का? म्हणजे प्रयोगातलं औषध सहाव्या आठवड्याला सुरू व्हायलाच हवं. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं आईपासून वेगळी करायची, कानाचा बारीक तुकडा घेऊन पीसीआर करून बदललेली जनुकं आली आहेत का ते बघायचं, त्यातली साधारण अर्धीच कामाची निघतात. हातात उरतात मोजके दिवस.

पैदाशीची परवानगी गाइडच्या नावावर आधीपासून होती, त्यामुळे पिल्लं होत होती. प्रयोगाची परवानगी मात्र येत नव्हती. उंदरांसारख्या लहान प्राण्यांसाठी संस्थेचीच नैतिकता समिती निर्णय देते, पण बैठकीला प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीचे, म्हणजे सीसीएसईएचे, नॉमिनी हजर लागतात. सगळ्यांच्या तारखा जुळेपर्यंत थांबायचं. ते मला मान्य आहे. समितीने विचारलेले प्रश्नही योग्यच होते: इतके प्राणी का, कमी चालतील का, वेदना कशी टाळणार? हे विचारलंच पाहिजे.

राग आहे तो आमच्या कार्यालयाच्या पद्धतीवर. फॉर्म परत यायचा तो दर वेळी एकेकच नवा शेरा घेऊन. आधी, जनुक न आलेली पिल्लं वेगळी दाखवा. ती दाखवली, तर प्रत्येक पानावर गाइडची सही हवी. ती घेतली, तर प्रयोगाअखेर प्राणी कसे मारणार हे दुसऱ्या रकान्यातही लिहा. तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगता आल्या असत्या. एकेक शेरा निस्तरेपर्यंत बैठक निघून जायची आणि पुढच्या बैठकीची वाट बघायची. इकडे अ‍ॅनिमल हाउसमधले मामा पिंजऱ्यावरचं कार्ड दाखवून म्हणायचे, "मॅडम, हे वेतही मोठं झालं हो." तोवर मेंदूत प्लाक साचायला लागलेले असणार. माझ्या प्रश्नासाठी ती पिल्लं गेलेलीच. प्राणी कमी वापरा म्हणून जी परवानगी असते, तिच्याच कागदांपायी वेतंच्या वेतं वाया जावीत याचा मला अजून संताप येतो. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, आणि आम्ही रकाने भरत बसलो होतो.

शेवटी मी छापील फॉर्म घेऊन स्वतः जाऊन बसले. म्हटलं, जे काही शेरे असतील ते आत्ता, एकाच कागदावर लिहून द्या. गाइडही समितीच्या सदस्य-सचिवांशी बोलले. त्यानंतरच्या बैठकीत मंजुरी मिळाली. तुम्हीही शेरे लेखीच मागा, तोंडी ऐकून परत येऊ नका.

नंतर औषध न दिलेल्या, दोन महिने उलटलेल्या उंदरांच्या मेंदूचे काप थायोफ्लेविनने, म्हणजे प्लाकला चिकटून चमकणाऱ्या रंगाने, रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली सबिक्युलम या मेंदूच्या भागात हिरवे ठिपके चमकले, नेमके जिथे सुरुवात व्हायला हवी तिथेच. लहान वयाच्या कापांत काहीच नव्हतं. वेळ बरोबर धरली होती हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं, आणि फार अभिमान वाटला.

एक सांगायचं राहिलं. या जातीत माद्यांमध्ये प्लाक जास्त साचतात, त्यामुळे नर-मादी वेगळे धरून संख्या काढा आणि का ते फॉर्ममध्येच लिहा. वाय-मेझसारख्या (वाय आकाराच्या चक्रव्यूहातल्या) स्मरणशक्तीच्या चाचण्या करणार असाल तर त्याही आत्ताच लिहा. नंतर भर घालायची म्हटलं की पुन्हा बैठक आली. आणि मंजुरीच्या पत्रावरची मुदत फेलोशिपच्या मुदतीशी ताडून बघा. नूतनीकरणाचा अर्ज ती संपायच्या बराच आधी द्या.