एलेरॉनची जोडणी : आधी आर्म, मग रेडिओ

माझ्या रेडिओ कंट्रोल मॉडेल विमानाच्या पंखावर फिल्म चढली, एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या पट्ट्या) बसले, त्यांना हलवणाऱ्या छोट्या मोटरी, म्हणजे सर्व्होही जागेवर गेले. स्पॅन (पंखाची टोकापासून टोकापर्यंत लांबी) १४०० मिमी, बाल्साच्या हलक्या लाकडाच्या रिब्ज (फासळ्या), आणि मागच्या कडेला ४५ मिमी रुंदीचे लांब एलेरॉन. प्रत्येकाला स्वतंत्र ९ ग्रॅमचा सर्व्हो, पंखाच्या खालच्या अंगाला. मधोमध एकच सर्व्हो आणि दोन्ही एलेरॉन पिळून फिरवणारे टॉर्क रॉड ही जुनी पद्धतही छान चालते. पण मला दोन्ही एलेरॉनची चाल (ते किती वर-खाली जातात ते) रेडिओवरून, म्हणजे हातातल्या ट्रान्समीटरवरून, ठरवायची होती, म्हणून दोन सर्व्हो आणि दोन चॅनल.

खाली झुकलेला एलेरॉन त्या पंखाची लिफ्ट (उचल) वाढवतो, पण त्याबरोबर ड्रॅगही (हवेचा अडथळा) वाढवतो. उजवीकडे वळायला स्टिक दिली की डावा पंख उचलला जातो आणि मागेही ओढला जातो, त्यामुळे नाक डावीकडे सरकतं. राइट बंधूंकडे एलेरॉन नव्हते, ते पंखच पिळायचे, तरी १९०१ च्या ग्लायडरवर त्यांना हाच त्रास झाला. १९०२ च्या ग्लायडरला त्यांनी आधी स्थिर उभं शेपूट लावलं आणि मग ते फिरतं केलं, ते यासाठीच. आपल्याला निम्मं काम डिफरेन्शियलने भागवता येतं : एलेरॉन वर जास्त, खाली कमी. माझ्या प्लॅनवर वर १२ मिमी आणि खाली ८ मिमी दिलंय.

बिजागऱ्या सीएच्या, म्हणजे पातळ सुपरग्लूने चिकटणाऱ्या. एलेरॉन पूर्ण वर उचलून धरला आणि खालच्या बाजूने फटीवर पारदर्शक टेप लावली. तसा उचलून धरला नाही, तर टेप नंतर वर जाणारी चाल अडवते.

खरा वेळ गेला तो सर्व्हो आर्मवर (सर्व्होच्या शाफ्टवर बसणाऱ्या, भोकं असलेल्या दांडीवर), आणि तो द्यायलाच हवा. आर्म लावण्याआधी ट्रिम आणि सबट्रिम (रेडिओवरून सर्व्होचा मध्य सरकवणाऱ्या सेटिंग्ज) शून्य केले, सर्व्होला करंट दिला आणि त्याला १५०० मायक्रोसेकंदांच्या सिग्नलवर, म्हणजे मध्यावर येऊ दिलं. माझ्या सर्व्होच्या शाफ्टला २१ दाते आहेत, म्हणजे एक दाता सरकला की आर्म १७ अंशांनी फिरतो. एवढा फरक सबट्रिमने काढायचा म्हणजे एका बाजूची चाल खाऊन टाकायची. इथे चार हातांचा आर्म कामाला येतो. २१ ला ४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक हात पाव दात्याने वेगळ्या जागी उभा राहतो, म्हणजे साधारण ४ अंशांच्या फरकाने. चारही हात लावून पाहिले, पुशरॉडशी (आर्म आणि एलेरॉन जोडणाऱ्या तारेशी) काटकोनात बसणारा ठेवला, बाकीचे कापून टाकले. जो थोडा फरक उरला तो क्लेव्हिस (रॉडच्या टोकाची आट्यांची चिमटी) फिरवून गेला. सबट्रिम अजून शून्यावरच आहे.

आता भोक कुठलं? हॉर्नचं (एलेरॉनवरच्या, रॉड अडकवायच्या तुकड्याचं) भोक बिजागरीच्या रेषेच्या बरोबर खाली, १६ मिमीवर आहे. आर्मच्या टोकाच्या भोकात, १३ मिमीवर, रॉड लावला तर १२ मिमी चालीसाठी सर्व्होला जेमतेम १९ अंश फिरावं लागतं. मग रेडिओवर चाल निम्म्यावर आणावी लागते आणि सर्व्होच्या ताकदीचा आणि बारकाव्याचा अर्धा भाग वाया जातो. ८ मिमीच्या भोकात तीच चाल ३२ अंशांत मिळते. शिवाय गिअरमध्ये १ अंशाची ढिलाई असली, तर एलेरॉनच्या कडेला ती बाहेरच्या भोकात ०.६ मिमी दिसते, आतल्या भोकात ०.४ मिमी. वेगात फ्लटर (एलेरॉनची जोरदार थरथर) सुरू होतो तो अशाच ढिलाईतून. बोटाने कड हलवून पाहिली : टक्‌ असा आवाज नाही, लगेच प्रतिकार लागतो. हे बघून फार बरं वाटलं.

ज्यांच्याकडे वाय-हार्नेस (दोन्ही सर्व्हो एकाच चॅनलला जोडणारी वायर) आहे त्यांनाही डिफरेन्शियल मिळतं. हॉर्न पंखाखाली असेल तर दोन्ही आर्म मध्यावर असतानाच पुढच्या कडेकडे झुकवून लावायचे. २० अंश झुकवलेला १२ मिमीचा आर्म दोन्हीकडे ३० अंश फिरवला, तर रॉड मागे ६.२ मिमी जातो आणि पुढे ५.१ मिमी. रॉड मागे गेला की एलेरॉन वर. हॉर्न पंखावर असेल तर हेच उलटं, आर्म मागे झुकवायचे.

प्रोपेलर काढून ठेवला आणि मगच रेडिओ हातात घेतला. आधी दिशा : स्टिक उजवीकडे, उजवा एलेरॉन वर. मग चाल, मग डिफरेन्शियल, सगळं मिलिमीटरच्या पट्टीने कडेला मोजून. एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळची चाल मऊ करणारी सेटिंग) ३० टक्के. फुटाबा कंपनीच्या रेडिओवर त्यासाठी उणे आकडा लागतो, स्पेक्ट्रमच्या रेडिओवर अधिक. दुसऱ्याचा आकडा उचलताना त्याचा रेडिओ कोणता ते विचारा.

पंख फ्युजलाजवर (विमानाच्या धडावर) चढवून सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी (तोल) तपासायचं बाकी आहे. उड्डाणात पुरेशा उंचीवर विमान सरळ दूर नेणार, रडरला (शेपटाच्या उभ्या, फिरत्या पट्टीला) हात न लावता एलेरॉन डावे-उजवे भराभर देणार आणि नाक बघणार. ते स्टिकच्या उलट बाजूला गेलं तर डिफरेन्शियल वाढवायचं, स्टिकच्याच बाजूला गेलं तर कमी करायचं.