मुलीचा बाप्तिस्मा आणि घरची बिअर

आमच्या मुलीचा बाप्तिस्मा करायचा की नाही, याविषयी माझे आणि माझ्या नवऱ्याचे मतभेद तिच्या जन्माआधीच सुरू झाले होते, आणि ती आता धरून धरून उभी राहू लागली तरी ते मिटलेले नाहीत. तिच्या जन्माच्या आनंदात घरी बिअर करायची, याबद्दल मात्र आमच्यात कधीच दुमत नव्हते. वाद होता तो ही बिअर नेमकी कशासाठी करायची याचा, आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच खोल आहे.

माझा नवरा पश्चिम नॉर्वेतल्या व्हॉस भागातला आहे. तिथल्या शेतकरी घरांत नाताळ, लग्न, मर्तिक आणि मुलाचा बाप्तिस्मा या प्रसंगांसाठी घरी बिअर करण्याची रीत फार जुनी आहे. मध्ययुगात पश्चिम नॉर्वेत लागू असलेल्या गुलाटिंग कायद्याने तर शेतकऱ्यांना सणासाठी बिअर करणे बंधनकारकच केले होते: ती किमान तीन शेतकऱ्यांनी मिळून प्यावी आणि चांगल्या वर्षासाठी व शांततेसाठी ख्रिस्त आणि मेरी यांच्या नावाने तिला आशीर्वाद द्यावा, असे त्यात सांगितले होते, आणि जो सलग तीन हिवाळे बिअर करणार नाही त्याची मालमत्ता राजा आणि बिशप यांच्याकडे जाई. माझ्या नवऱ्याचा मुद्दा इथूनच सुरू होतो. त्याच्या मते या पेयाला अर्थ येतो तो त्यामागच्या विधीमुळे. बाप्तिस्मा नसेल तर उरते ते केवळ शेजाऱ्यांना बोलावून पिणे.

तो काही दर रविवारी चर्चला जाणारा माणूस नाही. पण व्हॉसचे दगडी चर्च 1277 साली उभे राहिले, आणि त्याच्या घरातल्या माणसांना तिथे बाप्तिस्मा देण्यात आला, त्यांची लग्ने तिथे लागली आणि त्यांना निरोपही तिथूनच दिला गेला. घरात एक लांब पांढरा बाप्तिस्म्याचा झगा आहे, ज्याच्या कडेला तो घातलेल्या प्रत्येक बाळाचे नाव रेशमाने भरलेले आहे. त्या रांगेत आपल्या मुलीचे नाव नसणे त्याला सोसत नाही. हे मला समजते, आणि त्याची ही ओढ खरी आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझी अडचण त्या विधीत बोलायच्या शब्दांची आहे. नॉर्वेच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी आई-वडिलांना आणि धर्मपालकांना (बाप्तिस्म्याचे साक्षीदार म्हणून बाळासाठी निवडलेल्या माणसांना) विचारले जाते की, या मुलाला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्यावा आणि ख्रिस्ती श्रद्धेत वाढवावे अशी तुमची इच्छा आहे का. उत्तर ‘हो’ असे द्यायचे असते. त्यानंतर सगळी सभा उभी राहून सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली उच्चारते. मी कोल्हापुरात, देवघर असलेल्या घरात वाढले. ज्या श्रद्धेत मी स्वतः नाही, तिच्यात मुलीला वाढवीन असे वचन सगळ्या गावासमोर देणे म्हणजे त्या श्रद्धेचाही अपमान आहे, असे मला मनापासून वाटते. नवरा म्हणाला की, तिथे उभे राहणारे अर्धे लोक ते शब्द रीत म्हणूनच बोलतात. मला नेमके तेच मान्य नाही. ज्यांना ते शब्द मनापासून बोलायचे आहेत, त्यांच्या शेजारी उभे राहून मी ते पोकळ करू नयेत.

पूर्वी हा प्रश्नच उद्भवत नव्हता. जन्मानंतर थोड्याच दिवसांत बाप्तिस्मा करणे कायद्यानेच बंधनकारक होते, आणि बाळंतीण स्वतः बहुधा त्या विधीला हजर नसे. तिला चर्चमध्ये पुन्हा रीतसर प्रवेश मिळे तो काही आठवड्यांनी; तोवर ती घरातच राही आणि बाळाला चर्चमध्ये धर्ममाता घेऊन जाई. शेजारणी मात्र बाळंतिणीसाठी आंबट सायीची खीर घेऊन घरी येत. म्हणजे आईच्या वाट्याला यायचा तो चर्चमधला विधी नव्हे, तर घरी जमलेली माणसे आणि त्यांनी आणलेले अन्न. मला हे कळले तेव्हा माझ्या बाजूला मोठा आधार मिळाल्यासारखे वाटले, आणि मी ते नवऱ्याला सांगितलेही. तो शांतपणे म्हणाला की, चर्चमध्ये काहीच झाले नसते, तर ती माणसे त्या दिवशी जमलीच नसती. या उत्तरावर माझ्याकडे अजूनही पुरेसे उत्तर नाही.

आज कायदा निराळा आहे. नावाचा आणि बाप्तिस्म्याचा आता संबंध उरलेला नाही. जन्मापासून सहा महिन्यांच्या आत नाव ठरवून सरकारी नोंदणीत कळवायचे असते, इतकेच. पालकत्वाची जबाबदारी दोघांकडे असेल तर मुलाला धर्मसंस्थेत घालण्याचा निर्णयही दोघांचा असतो, आणि वयाच्या पंधराव्या वर्षी मूल तो स्वतः घेऊ शकते. मी याच कलमावर बोट ठेवले. तूर्त बाप्तिस्मा न करता बारसेच करायचे, हे नवऱ्याने नाइलाजाने मान्य केले. त्याचे मन वळलेले नाही, हे मी जाणते.

मग सासऱ्यांनी, कोणाचीच बाजू न घेता, बिअरला हात घातला. भल्या मोठ्या कढईत जुनिपर या सुगंधी, सदाहरित झुडपाच्या फांद्या उकळून त्याचे पाणी केले, त्या पाण्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, भिजवले, आणि तळाशी जुनिपरच्याच फांद्यांचा थर घातलेल्या पिंपातून गोड रस गाळून घेतला. व्हॉसच्या पद्धतीत हा रस तासन्‌तास उकळतात आणि त्याला तांबूस रंग चढतो. मी अंगावर पाजत असल्यामुळे बिअर पिणार नव्हते, पण आंबवण्याआधीचा तो कोमट रस सासऱ्यांनी मला वाटीत दिला. उसाच्या गुऱ्हाळाशेजारी वाढलेल्या माणसाला त्या गोडीत काहीच परके वाटत नाही. मागाहून येणारी जुनिपरची कडवट चव तेवढी या डोंगरांतली.

यीस्ट घरचेच होते. त्याला इथे क्वाइक म्हणतात. एरवी बिअरचे यीस्ट थंडाव्यात काम करते, हे मात्र चाळीस अंशांच्या आसपास गरम रसात घातले तरी जोमाने फसफसते आणि दोनेक दिवसांत काम उरकते. ते वाळवून वर्षभर ठेवता येते, आणि एखाद्याचे बिघडले तर तो शेजाऱ्याकडून मागून आणतो. मला या देवघेवीचे फार मोल वाटते. घराघरांतून फिरत राहिल्यामुळेच ते टिकून आहे, आणि माझ्या मते या आनंदोत्सवाचे खरे पावित्र्य त्यातच आहे. नवऱ्याला हे पटत नाही. त्याच्या लेखी शेजार आणि चर्च या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

कोल्हापूरहून आईचा विरोध आला तो तिसऱ्याच कारणाने. बाप्तिस्म्याला तिची फारशी हरकत नव्हती. ‘पाणीच तर घालतात डोक्यावर,’ असे ती म्हणाली. पण नातीच्या बारशाला दारू, हे तिच्या कल्पनेतही बसेना. मी तिला समजावले की, इथे ती बाळाच्या नावाने आलेल्यागेलेल्याला दिली जाते, जशा आपल्याकडे घुगऱ्या. तिला ते पटले असे मी म्हणणार नाही. तिने एवढेच बजावले की पाळणा हलवून होईपर्यंत एकही पेला भरू नये, आणि आम्ही ते तंतोतंत पाळले. माझी नणंद आत्या म्हणून पुढे आली, तिने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितले, घुगऱ्या वाटल्या, आणि त्यानंतरच सासऱ्यांनी पहिला लाकडी वाडगा भरून शेजाऱ्यांच्या हाती दिला.

नवरा त्या दिवशी आनंदात होता, पण रात्री त्याने तो झगा पुन्हा कपाटात ठेवला तेव्हा त्याला वाईट वाटत होते, आणि ते त्याने लपवले नाही. मुलगी शाळेत जाण्याआधी हा विषय पुन्हा काढायचा, असे आमचे ठरले आहे. मी विधीला त्याच्या शेजारी बसेन, पण ते वचन उच्चारणार नाही, एवढे मी आजच सांगून ठेवले आहे. असा बाप्तिस्मा त्याला चालेल का, यावर तो विचार करतो आहे. येत्या नाताळात रस गाळण्याचे काम मी करायचे, असे सासऱ्यांनी सांगितले आहे. उकळणीला किती वेळ द्यायचा आणि यीस्ट कधी घालायचे, ते मी त्यांच्याकडून लिहून घेते आहे.