डेबियन १३ आणि आण्णांची कुस्तीची पत्रकं : ऑगस्टमधल्या नोंदी

९ ऑगस्ट २०२५, शनिवार

राखी बांधून बहीण सांगलीला परत गेली आणि मी संध्याकाळपासून कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसलो. डेबियन १३, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती, आज येणार हे आधीच जाहीर झालं होतं. कोडनेम ट्रिक्सी.

माझा डेबियनचा हिशोब पुराच्या सालांवरून लागतो. २०१९ च्या ऑगस्टात कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि जुना पीसी चिखलात गेला. पाणी ओसरल्यावर सेकंडहँड मशीन आणलं आणि त्यावर तेव्हा नुकतंच आलेलं बस्टर, म्हणजे डेबियन १०, टाकलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. या खेपेला कॅबिनेट आधीच माडीवर नेऊन ठेवलं होतं. घर धुऊन होतंय न होतंय तोच १४ ऑगस्टला बुल्सआय आलं. मग २०२३ च्या १० जूनला बुकवर्म. दर वेळी आहे त्याच्यावरच अपग्रेड केलं, सहा वर्षांत फॉरमॅट म्हणून केलं नाही.

मशीन तेच आहे. चौथ्या पिढीचा आय-५, चार कोअर, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. विंडोज ११ याला अधिकृतपणे घेत नाही, कारण त्याला आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच. उद्यमनगरात मी ज्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे नमुने बनवतात तिथं) काम करतो तिथल्या दोघांनी याच आठवड्यात विचारलं, "आमचं मशीन आता भंगारात घालायचं काय?" त्यामुळे या वेळच्या नोंदी जरा सविस्तर ठेवतोय.

१० ऑगस्ट

सकाळी आधी रिलीज नोट्स वाचल्या. नव्या माणसाला मी पहिल्यांदा हेच सांगतो. आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) नंतर उतरवा, चहा घ्या आणि नोट्समधला अपग्रेडचा भाग पूर्ण वाचा. तो वाचला म्हणून वाचलो. बूटचं पार्टिशन (मशीन सुरू व्हायला लागणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा भाग) वेगळं असेल तर ते किमान ७६८ एमबी हवं आणि त्यात ३०० एमबीच्या आसपास जागा मोकळी हवी, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. माझी डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे आणि बस्टरच्या इन्स्टॉलरनं तेव्हा बूटला जेमतेम पाव जीबी दिलेली. बुकवर्मच्या वेळीच जुने कर्नल (प्रणालीचा गाभा) काढून काढून कसंबसं भागवलं होतं. तसंच अपग्रेड रेटलं असतं तर इनिटरामएफएस ही मशीन सुरू होताना लागणारी फाइल तयार होताना जागा संपली असती आणि मशीन अर्ध्यातच लटकलं असतं.

बूट वाढवायचं तर त्याच्या शेजारचं एन्क्रिप्टेड पार्टिशन सरकवावं लागतं. ते करता येतं, पण त्यापेक्षा सहा वर्षांचा पसारा एकदाच आवरलेला बरा. ठरवलं, नव्यानंच टाकायचं.

होम फोल्डर (माझ्या सगळ्या फाइली) आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामनं बाहेरच्या डिस्कवर घेतला. मग 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' चालवून आपण हातानं टाकलेल्या पॅकेजेसची यादी फाइलमध्ये घेतली. ३१२ नावं निघाली. पेन घेऊन एकेक खुणावत गेलो तेव्हा त्यातली निम्मीसुद्धा लागणारी नव्हती.

नेटइन्स्टची, म्हणजे बाकीचं नेटवरून उतरवून घेणाऱ्या छोट्या इन्स्टॉलरची, आयएसओ पाऊण जीबीच्या आसपास आहे. शा-५१२ ची बेरीज (फाइल बिनचूक उतरली का हे दाखवणारा आकडा) जुळवली आणि मगच पेन ड्राइव्हवर चढवली. हे तपासायला मिनीटसुद्धा लागत नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी. झेंडावंदन करून आलो आणि बसलो.

इन्स्टॉलरमध्ये फार सांगण्यासारखं नाही, दोनच गोष्टी. रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड विचारतात तिथं जागा रिकामी सोडायची, म्हणजे रूट बंद राहतं आणि पहिल्या युजरला सुडो (गरजेपुरते ते अधिकार) मिळतो. आणि विभागणी मी हातानं केली. बूटला पूर्ण १ जीबी दिला, बाकी सगळं एन्क्रिप्ट करून एलव्हीएममध्ये (नंतर विभाग कमीजास्त करता येतात अशी मांडणी). वायफायचा डोंगल आपोआप ओळखला, कारण लागणारी फर्मवेअर बुकवर्मपासून इन्स्टॉलरमध्येच असते. पूर्वी त्यासाठी दुसरा पेन ड्राइव्ह घेऊन धावाधाव करावी लागायची.

एक निरोप जुनी नेटबुक सांभाळून असणाऱ्यांसाठी. ३२ बिट पीसीसाठी ट्रिक्सीचा इन्स्टॉलर नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकाकडे तसलं ॲटमवालं नेटबुक आहे. त्यानं बुकवर्मवरच राहावं, असं त्याला कळवलं.

पाऊण तासात लॉगिनचा पडदा आला. कर्नल ६.१२, ग्नोम (डेस्कटॉप) ४८.

१७ ऑगस्ट

दोन दिवस वापरल्यावर सांगतो. बुकवर्ममधल्या ग्नोम ४३ वरून एकदम ४८ वर आलं की सगळ्यात आधी जाणवतं ते हालचालीतलं मऊपण. ॲक्टिव्हिटीजमध्ये खिडक्या पसरताना माझ्याकडे पूर्वी बारीक झटके बसायचे, आता ते गेलेत. ४८ मध्ये ट्रिपल बफरिंग आलंय आणि त्याचा फायदा आमच्यासारख्या आतल्या इंटेल ग्राफिक्सवाल्यांनाच जास्त होतो. कामाच्या ताणात ग्राफिक्स चिपचा वेग वाढायला उशीर लागला तरी एक फ्रेम हाताशी तयार असते.

ॲप्ट (पॅकेजेस टाकणारा-काढणारा प्रोग्राम) ३.० मात्र मनापासून आवडलं. पॅकेजची यादी आता रकान्यांत येते. येणारी हिरव्या रंगात, जाणारी लाल. पूर्वी त्या सलग परिच्छेदात 'काढून टाकणार' ही ओळ नजरेतून निसटायची. एकदा माझं सगळं डेस्कटॉपच त्या ओळीत होतं आणि मी वाय दाबून मोकळा झालो होतो. लाल रंग दिसला की हात आपोआप थांबतो. 'ॲप्ट मॉडर्नाइझ-सोर्सेस' ही आज्ञासुद्धा चालवून बघा. जुनी एकोळी सोर्सेस लिस्ट नव्या मांडणीत आणून देते आणि सही तपासायची कुठली किल्ली कुठल्या रेपॉझिटरीची (पॅकेजच्या साठ्याची) हे साफ दिसतं.

२० ऑगस्ट

तीन दिवस पावसानं उसंत दिली नाही. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३, हे आमच्या गल्लीतल्या लहान पोरालाही पाठ आहे. राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा दर दोन तासांनी बघायचा आणि मधल्या वेळात मराठीची मांडामांड. कॅबिनेट माडीवरच आहे. २०२१ नंतर ते खाली आणलंच नाही.

कीबोर्ड सोपा आहे. आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची पॅकेजेस टाकली, सेटिंग्जमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट २ ही कीबोर्डची मांडणी निवडली, सुपर (विंडोजची कळ) आणि स्पेस दाबलं की अदलाबदल. शिफ्टबरोबर एन दाबला की ळ आणि शिफ्टबरोबर जे दाबला की ऱ. हा ऱ फार महत्त्वाचा. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'बंधाऱ्यावर' असे शब्द नीट उमटायचे तर साधा र चालत नाही.

खरा वेळ गेला तो अक्षरांच्या वळणात. मराठी ल आणि श आपण शाळेत एका पद्धतीनं गिरवले आणि हिंदीतले वेगळे असतात. राज्य सरकारनं २००९ च्या नोव्हेंबरात प्रमाण लिपीचा निर्णय काढला त्यातही मराठी वळणच धरलंय. नव्या सिस्टिमवर मात्र सगळीकडे हिंदी वळण दिसायला लागलं. वाचता येतं, पण डोळ्याला खुपतं. आधी वाटलं फॉन्ट बदलावा. 'एफसी-मॅच' ला मराठीसाठी कुठला फॉन्ट निवडतोस असं विचारलं तर भलतंच नाव आलं. नोटो फॉन्टचं मूळ पॅकेज टाकलं, फॉन्ट निवडणाऱ्या फॉन्टकॉन्फिगमध्ये मराठीसाठी नोटो सॅन्स देवनागरी पहिला ठेवला, तरी ल हिंदीच.

मग कळलं की त्याच फॉन्टच्या पोटात दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे असं प्रोग्रामनं सांगितलं तरच मराठी ल बाहेर येतो. मी इन्स्टॉल करताना भारतीय इंग्रजी निवडलं होतं, त्यामुळे कुणीच कुणाला काही सांगत नव्हतं. लोकेल्समध्ये (प्रणालीच्या भाषांच्या सेटिंगमध्ये) मराठी तयार केलं, लॉगिनची भाषा मराठी ठेवली आणि लिबरऑफिसमध्ये ऑप्शन्समध्ये भाषेच्या पानावर कॉम्प्लेक्स लिपीसाठी मराठी निवडलं. परत उघडलं आणि 'कोल्हापूर' मधला ल आपल्या वळणाचा झाला. पडदा आमच्या आण्णांना दाखवला. ते चष्मा पुसून म्हणाले, "हां, हे आपलं अक्षर."

टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) मात्र मराठी अजून तुटतंच. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. फाइलींना मराठी नावं देणाऱ्यांनी हे धरून चालावं.

२४ ऑगस्ट, रविवार

आता मूळ काम. आण्णा तरुणपणी शाहूपुरी तालमीत होते. गावोगावच्या मैदानांची पत्रकं त्यांनी ट्रंकेत जमवली आहेत. गुलाबी, पिवळा पतंगी कागद, खिळ्यांची छपाई. वर 'भव्य निकाली कुस्त्यांचे मैदान', खाली पहिल्या नंबरची जोड, मग दुसऱ्या, आणि प्रत्येकासमोर इनामाची रक्कम. काही खासबागेतली आहेत, शाहू महाराजांनी बांधलेल्या, १९१२ पासूनच्या मैदानातली. दोन पुरांतून ती ट्रंक डोक्यावरून माडीवर गेली म्हणून राहिली. तिसऱ्यांदा नशिबावर सोडायची नाही, म्हणून गेले वर्षभर स्कॅन करतोय. एकूण २१४ पानं झाली. त्यांची एक पीडीएफ करून ओसीआरमायपीडीएफ या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामनं मराठी मजकूर वाचून घ्यायचा, म्हणजे नाव टाकून शोधता येईल. आत अक्षरं ओळखायचं काम टेसरॅक्ट करतं, त्याचं मराठीचं पॅकेज डेबियनमध्ये आहेच.

आज्ञा दिली आणि जेवायला गेलो. परत आलो तर काम थांबलेलं. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस.' डिस्कवर तर १५० जीबी मोकळी! दुसऱ्यांदा चालवलं, पुन्हा तेच. एसएसडीच गेली की काय, या विचारानं पोटात गोळा आला.

मोकळी जागा दाखवणारं 'डीएफ' चालवल्यावर उलगडा झाला. टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरच्या ओळीत आकार ३.८ जीबी, भरलेला १०० टक्के. ट्रिक्सीत हा फोल्डर आता डिस्कवर नसतो, रॅममध्ये असतो, आणि रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकतो. रिलीज नोट्समध्ये हेही आहे. मी ते वाचलंही होतं, पण आपल्याशी संबंध नाही म्हणून पुढे गेलो होतो.

ओसीआरमायपीडीएफ प्रत्येक पानाचं चित्र त्या फोल्डरमध्ये उतरवून घेतं. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ए-४ पान म्हणजे ४९६० गुणिले ७०१६ ठिपके. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे दाबण्याआधी (कॉम्प्रेस करण्याआधी) एका पानाचे साधारण १०४ एमबी. दाबून त्याचा चौथा हिस्सा झाला असं धरलं तरी २१४ पानांना ५ जीबीच्या वर जागा हवी. बसणार कुठून?

दोन मार्ग आहेत. 'टीएमपी डॉट माउंट' हे युनिट सिस्टिमकंट्रोलनं मास्क (बंद) करून मशीन रीस्टार्ट करायचं, म्हणजे फोल्डर पहिल्यासारखा डिस्कवर येतो. किंवा तेवढ्या कामापुरतं टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल होममधल्या एखाद्या फोल्डरकडे वळवायचं. मी दुसरा घेतला. रोजच्या बारीकसारीक तात्पुरत्या फाइली रॅममध्ये राहिल्या तर एसएसडीची झीज वाचते आणि कामही चटकन होतं. एका जड कामासाठी ती सोय घालवावीशी वाटली नाही. पण तुमची रॅम ४ जीबी असेल आणि व्हिडिओ, स्कॅन असली कामं रोजची असतील, तर पहिलाच मार्ग धरा.

याच फोल्डरबद्दल आणखी एक गोष्ट. नव्यानं टाकलेल्या ट्रिक्सीत तिथल्या दहा दिवस न हललेल्या फाइली आपोआप पुसल्या जातात. 'व्हार' फोल्डरमधल्या टीएमपीतल्या तीस दिवसांनी. डाउनलोड तिथं ठेवून विसरायची सवय असलेले आपल्यात बरेच आहेत.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. कुंभार गल्लीत ताडपत्रीखाली अजून रंगाचा हात फिरतोय आणि ढोल-ताशांमुळे काही ऐकू येत नाही.

ओसीआर रात्रभर चालून पूर्ण झालं. शुद्ध आहे असं म्हणणार नाही. 'मल्ल' बऱ्याच ठिकाणी चुकलाय, आणि पतंगी कागदावर मागची शाई पुढे उमटली असेल तिथं ओळीच्या ओळी गेल्यात. ठळक मथळे आणि गावांची नावं मात्र छान उतरलीत. पुढच्या वेळी रंगीत ६०० ऐवजी करडं ४०० डीपीआय घेऊन बघणार. गुलाबी कागदाचा रंग मूळ स्कॅनमध्ये जपलेला आहेच, वाचनासाठी त्याची गरज नाही.

आण्णांना शेजारी बसवलं. "कुठलं गाव शोधू?"

"कागल टाक."

नऊ पानं निघाली. सहाव्यावर त्यांनी हात वर केला. चौथ्या नंबरच्या जोडीत त्यांचं नाव होतं, पुढे इनाम रुपये पंधरा. नावातलं एक अक्षर टेसरॅक्टनं चुकवलं होतं. नुसतं नाव टाकून मला ते पान कधीच सापडलं नसतं.

"पंधरा न्हाईत, वीस दिलं हुतं," आण्णा म्हणाले. "कुस्ती चितपट झाल्यावर पाटलांनी वरचं पाच खिशातनं काढून दिलं."

पानाच्या टिपणीत तेही लिहून ठेवलं. गणपतीनंतर उद्यमनगरातल्या त्या दोघांपैकी पहिल्याचं मशीन घेतोय. त्याच्याकडे ४ जीबीच रॅम आहे, तेव्हा तिथं एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकणार आणि टीएमपी पहिल्याच दिवशी डिस्कवर नेणार.