धणे आणि चप्पल

"धणे रगडले होतेस का?" फोनवर सासूबाईंनी एवढंच विचारलं.

बारा दिवस झाले, गॅलरीतल्या कुंडीत कोथिंबिरीचा पत्ता नाही. शेजारच्याच क्रेटमधली मेथी चौथ्या दिवशी माना वर काढून बसलेली. मी आधी ऑक्टोबर हीटला दोष दिला, मग बियाण्याला, मग कबुतरांना. (त्यांचा थोडा आहेच.)

"अगं, एका धण्यात दोन बिया असतात. पोत्यावर पसरायचे, वरून चप्पल फिरवायची. दोन फाका झाल्या की रात्रभर भिजवायचे, मग पेरायचे."

चप्पल! मी कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, सगळं विकत आणलं होतं.

संध्याकाळी रगडले. चप्पल आधी धुऊन घेतली म्हटल्यावर त्या खूप हसल्या. "शेतात कोण धुतं गं?"

लग्नाला 18 वर्षं झाली. गावाकडे त्यांनी जन्मभर वाफे केले, आणि मी त्यांना आजवर विचारलं काय, तर लोणच्यात मीठ किती.

मुळा, पालक, गाजर अजून पेरायचंय. उद्या पुन्हा फोन करतेय.

तुमच्याकडे धणे कशानं रगडतात?